गांधी-नेतृत्वाचा उदय आणि मराठी वृत्तपत्रांची टीका (१९२०–१९२६) : शहागड-परिसराच्या संदर्भात एक फेरविचार

१

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले. असहकारितेच्या चळवळीचा औपचारिक प्रारंभ त्याच दिवशी झाला. एका नेतृत्वाचा अस्त आणि दुसऱ्याचा उदय एकाच तिथीस घडावा हा योगायोग होय. परंतु त्यामुळे महाराष्ट्रातील वृत्तपत्रांवर जे उत्तरदायित्व येऊन पडले ते योगायोगाचे नव्हते. गेली चाळीस वर्षे येथील राजकीय विचार मुख्यतः वृत्तपत्राच्या स्तंभांतून घडला होता. केसरीचा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला; तेव्हापासून नेता आणि संपादक ही दोन पदे महाराष्ट्रात पुष्कळदा एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटलेली होती. आता राष्ट्राचा नेता एक गुजराती भाषिक पुरुष होता, आणि त्याची स्वतःची वृत्तपत्रे, यंग इंडिया व नवजीवन, अहमदाबादेहून निघत होती. या नव्या नेत्याविषयी मराठी वृत्तपत्रांनी, विशेषतः न. चिं. केळकर यांच्या संपादकत्वाखालील केसरीने, जी टीका केली ती न्याय्य होती काय, हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

या वादात साधारणपणे दोन पक्ष दिसून येतात. एका पक्षाच्या मते ही टीका म्हणजे हातचे नेतृत्व गेल्याच्या विषादातून जन्मलेला प्रांतिक व जातीय दुराग्रह होता. दुसऱ्या पक्षाच्या मते ती भाविकतेच्या पुरात विवेकाचा दीप तेवत ठेवण्याची धडपड होती. दोन्ही पक्षांची एक समान उणीव आहे. पहिला पक्ष टीकेचे परीक्षण टीकाकाराच्या हेतूवरून करतो. दुसरा पक्ष तिचे समर्थन तिच्या शैलीवरून व बुद्धिनिष्ठेवरून करतो. टीका प्रत्यक्षात कोणत्या विधानावर होती, त्या विधानाचा विपर्यास झाला होता की नाही, आणि ती ज्या वाचकांपर्यंत जात होती त्यांच्या परिस्थितीशी तिचा संबंध किती होता, हे प्रश्न दोघांकडूनही बहुधा बाजूस पडतात. तिसऱ्या प्रश्नाचा विचार करण्यास गोदावरीच्या उत्तर तीरावरील शहागडासारखे, पुणे-मुंबईपासून दूर आणि परराज्यात असलेले ठिकाण विशेष उपयोगी पडते.

२

प्रथम टीकेचा विषय निश्चित केला पाहिजे. सप्टेंबर १९२० मध्ये लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली कलकत्त्यास काँग्रेसचे विशेष अधिवेशन भरले व त्यात गांधीजींचा असहकारितेचा ठराव बहुमताने संमत झाला. डिसेंबरात नागपूर अधिवेशनाने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि काँग्रेसची घटनाही बदलली. चार आणे वर्गणी भरणाऱ्या कोणाही प्रौढास सभासदत्व खुले झाले व प्रांतिक समित्या भाषावार झाल्या. कायदेमंडळे, सरकारी न्यायालये आणि सरकारी शाळा यांवरील त्रिविध बहिष्कार, परदेशी कापडाचा त्याग, चरखा, खिलाफतीच्या प्रश्नास पाठिंबा आणि या सर्वांच्या फलस्वरूप एका वर्षात स्वराज्य, असा हा कार्यक्रम होता.

टिळकपक्षाची भूमिका यापूर्वीच आखली गेली होती. एप्रिल १९२० मध्ये टिळकांनी काँग्रेस डेमॉक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा प्रसिद्ध करून नव्या कायदेमंडळांत शिरण्याचे धोरण सांगितले होते. सुधारणांपैकी जेवढे उपयुक्त तेवढे घ्यावे आणि उरलेल्यासाठी झगडावे, या धोरणास पुढे 'प्रतियोगी सहकारिता' हे नाव रूढ झाले. त्याच वर्षीच्या जानेवारीत यंग इंडियाच्या पृष्ठांवर टिळक व गांधी यांच्यात राजकारणाच्या नीतीविषयी प्रसिद्ध पत्रव्यवहार झाला होता. राजकारण हे संसारी माणसांचे क्षेत्र आहे, साधूंचे नव्हे, असा टिळकांचा आशय होता आणि बुद्धवचनापेक्षा गीतेतील कृष्णवचन त्यांस अधिक ग्राह्य वाटत होते. म्हणजे केळकरांनी नव्या नेत्याविरुद्ध उपस्थित केलेले आक्षेप टिळकांच्या मृत्यूनंतर अकस्मात निर्माण झालेले नव्हते. नेतृत्व गेल्याच्या वैषम्यातून ते निघाले, हे मत या कालक्रमापुढे पुरतेपणी टिकत नाही.

तथापि टिळकांचा वारसा एकाच बाजूस होता असेही म्हणता येत नाही. असहकारितेस टिळकांनी जाहीर विरोध केला नव्हता आणि तिचा पुढाकारही घेतला नव्हता. त्यामुळे त्यांच्याच मंडळींत फूट पडली. केसरीचे संपादकपद भूषविलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर केसरीतून बाहेर पडले, लोकमान्य या मुंबईच्या दैनिकाचे संपादक झाले आणि तेथून त्यांनी गांधीजींच्या कार्यक्रमाचा पुरस्कार केला. ७ मार्च १९२३ रोजी त्यांनी नवाकाळ काढला. 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनी १९२० मध्ये स्वराज्य साप्ताहिक सुरू केले, असहकारितेची बाजू घेतली आणि मुळशीच्या सत्याग्रहात कारावासही पत्करला. ज्यांच्या लेखणीची जहाली महाराष्ट्राने पूर्वी अनुभवली होती त्या दोन लेखकांनी नव्या नेत्याचा स्वीकार केला, ही गोष्ट लक्षणीय आहे. 'मराठी वृत्तपत्रांनी गांधींवर टीका केली' हे सरसकट विधान म्हणूनच असत्य ठरते. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ केला. टिळकांच्या नावाचा निधी, गांधींची चळवळ आणि केसरीच्या माजी संपादकाचे नाटक यांचा हा संगम मराठी लोकमताच्या मिश्र स्वरूपाचा पुरावाच होय.

३

आता टीकेतील प्रमुख मुद्द्यांचे परीक्षण करता येईल. पहिला मुद्दा 'एका वर्षात स्वराज्य' या वचनाचा. गांधीजींचे हे वचन सशर्त होते. लोकांनी कार्यक्रम पूर्णपणे अमलात आणला तर स्वराज्य वर्षात मिळेल, असा त्याचा अर्थ होता. अट गाळून केवळ वचनाचा उपहास करणे हा विपर्यास होता आणि तेवढ्यापुरती टीका अन्याय्य होती. परंतु अट मान्य करूनही विवेकी टीकेस अवकाश राहत होता. तीस कोटी लोकांनी एका वर्षात शाळा, न्यायालये व कापड यांविषयीच्या आपल्या सर्व सवयी बदलाव्यात ही अट असेल, तर वचन आणि अशक्यता यांत व्यवहारतः अंतर किती उरते, असे विचारण्याचा अधिकार संपादकास निश्चितच होता. ३० जून १९२१ पर्यंत स्वराज्य फंडात एक कोटी रुपये जमविण्याचा संकल्प सिद्धीस गेला, तेव्हा जनतेच्या शक्तीविषयीची टीकाकारांची शंका खोटी ठरली. ३१ डिसेंबर १९२१ उजाडला आणि स्वराज्य आले नाही, तेव्हा मुदतीविषयीची त्यांची शंका खरी ठरली. एकाच टीकेचा एक भाग असा चुकला आणि दुसरा बरोबर निघाला. तिला एकच विशेषण लावता येत नाही.

दुसरा मुद्दा कायदेमंडळांवरील बहिष्काराचा. येथे एक वस्तुस्थिती ध्यानात घ्यावयास हवी. नोव्हेंबर १९२० च्या निवडणुकांची तयारी टिळकपक्षाने केली होती; कलकत्त्याच्या ठरावानंतर मतभेद कायम ठेवूनही या पक्षाने त्या निवडणुकांतून माघार घेतली. टीका करावी पण संस्थेचा निर्णय पाळावा, हे वर्तन लोकसत्ताक राजकारणाच्या दृष्टीने निर्दोष होय. पुढे १९२३ च्या आरंभी चित्तरंजन दास व मोतीलाल नेहरू यांनी स्वराज्य पक्ष स्थापन करून कायदेमंडळप्रवेशाचे धोरण स्वीकारले. केळकर त्याच वर्षी मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. केसरीने जे म्हटले होते त्याच्या एका अंशास काँग्रेसमधील श्रेष्ठ नेत्यांनीच अशा रीतीने दुजोरा दिला. उलटपक्षी, १९२५ मध्ये श्रीपाद बळवंत तांबे यांनी मध्यप्रांतात सरकारी कार्यकारी मंडळाचे सभासदत्व स्वीकारले. या प्रकरणावरून स्वराज्य पक्षात फूट पडून १९२६ मध्ये प्रतियोगी सहकार पक्ष उभा राहिला. सहकारितेच्या धोरणास अधिकारपदाचा मोह कसा जडू शकतो, ही गांधीपक्षाची भीतीही तेव्हा निराधार ठरली नाही.

तिसरा मुद्दा चळवळीच्या स्थगितीचा. ४ फेब्रुवारी १९२२ रोजी चौरीचौरा येथे हिंसाचार घडला आणि १२ फेब्रुवारीस बारडोलीच्या ठरावाने सामुदायिक कायदेभंग स्थगित झाला. त्याच महिन्यात दिल्लीस भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीत नागपूरच्या डॉ. मुंज्यांनी निषेधसूचक ठराव मांडला. तो फेटाळला गेला. ज्यांना हा कार्यक्रम अतिरेकी वाटत होता त्यांपैकीच काहींना आता माघार अतिरेकी वाटली. नेत्याने पुढे जाणेही दोषास्पद आणि थांबणेही दोषास्पद, अशी दुहेरी फूटपट्टी येथे लावली गेली. एवढ्या भागात टीकाकारांच्या न्यायबुद्धीविषयी शंका घेण्यास जागा आहे. गांधीजींना १० मार्चला अटक झाली आणि १८ मार्चला अहमदाबादेस त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. यंग इंडियातील लेख हाच त्यांच्यावरील आरोपाचा आधार होता. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी शिक्षा ठरविताना १९०८ मधील टिळकांच्या शिक्षेचा उल्लेख केला. संपादक म्हणून शिक्षा भोगण्याच्या बाबतीत जुना व नवा नेता एकाच पंक्तीस बसले, आणि ती पंक्ती परकी न्यायालयाने लावली.

४

टीकेच्या न्याय्यतेचा विचार करताना कायद्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करता येत नाही. १९१० चा मुद्रणविषयक कायदा १९२२ पर्यंत अमलात होता. सरकारविरुद्ध लिहिल्यास जामीन भरावा लागे, मुद्रणालय जप्त होई, राजद्रोहाचे कलम तर सदैव उभेच असे. राष्ट्रीय नेत्याविरुद्ध लिहिण्यास मात्र असा कोणताही धोका नव्हता. या विषमतेमुळे वृत्तपत्रांतील टीकेचे प्रमाण हे लोकमतातील असंतोषाचे यथार्थ माप ठरत नाही. एका बाजूचे शब्द स्वस्त होते आणि दुसऱ्या बाजूचे महाग. हा दोष केसरीचा नव्हे. सरकारविरुद्ध लिहिण्याची किंमत केसरीने १८९७ व १९०८ मध्ये पुरेपूर मोजली होती. परंतु त्या काळच्या अंकांवरून निष्कर्ष काढणाऱ्या आजच्या अभ्यासकाने ही विषमता वजा केल्यावाचून पुढे जाणे उचित नाही.

याच संदर्भात पुण्याच्या मुख्य वादाबाहेरील वृत्तपत्रे विचारात घेतली पाहिजेत. नेमस्त मताचे ज्ञानप्रकाश कायदेभंगाच्या तत्त्वासच विरोध करीत होते. ती भूमिका टिळकपक्षाहून भिन्न होती. नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून मुकुंदराव पाटील यांचे दीनमित्र निघत होते आणि पुण्यात श्रीपतराव शिंदे यांचे विजयी मराठा. या ब्राह्मणेतर पत्रांच्या दृष्टीने शाळांवरील बहिष्काराचा अर्थ निराळा होता. ज्या समाजाची पहिली पिढी नुकतीच शाळेच्या उंबरठ्यावर पोहोचली होती, त्यास शाळा सोडण्यास सांगणे हा त्याग नसून वंचना होती. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी मूकनायक सुरू केले, त्यातून विचारला गेलेला प्रश्न याहूनही मूलगामी होता : येणाऱ्या स्वराज्यात अस्पृश्यांचे स्थान कोणते? नागपूर अधिवेशनाने अस्पृश्यतानिवारणाचा पुरस्कार केला होता आणि गांधीजी अस्पृश्यतानिवारणास स्वराज्याची अट मानीत होते. म्हणून हा प्रश्न नेत्यास त्याच्याच शब्दाने तोलणारा होता. नेत्याचे स्वतःचे वचन हेच ज्या टीकेचे माप असते, ती टीका कठोर असली तरी अन्याय्य म्हणता येत नाही. या कसोटीवर मूकनायकातील प्रश्न पुण्याच्या अनेक अग्रलेखांहून अधिक निर्दोष ठरतो.

५

आता शहागडाकडे वळता येईल. हे गाव आज जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात आहे. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला. १९२० मध्ये ते निजामाच्या राज्यातील औरंगाबाद जिल्ह्यात मोडत होते. जवळच, नदीच्या दक्षिण तीरावरील राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्याने निजामाचा पराभव केला होता. त्या नव्या नेत्याचे मूल्यमापन पत्रांतून आणि बखरींतून झाले. त्याला वृत्तपत्रांचा सामना करावा लागला नाही. पुढे दीडशे वर्षांनी याच परिसरातील मराठी माणूस राष्ट्राच्या नव्या नेत्याविषयी जाणून घेऊ इच्छीत असता त्याची स्थिती कोणती होती?

आगगाडी मनमाडावरून औरंगाबाद-जालन्यापर्यंत येत होती. शहागड लोहमार्गापासून दूर होते. पुणे-मुंबईचे पत्र पोहोचले तरी विलंबाने आणि मोजक्या हाती पोहोचणार. साक्षरता अत्यल्प होती. राज्यकारभाराची आणि न्यायालयाची भाषा उर्दू होती. लोकनियुक्त कायदेमंडळ नव्हते आणि सभा भरविण्यास सरकारी परवानगी लागे. पुढे 'गश्ती निशाण ५३' या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या हुकमाने हे निर्बंध अधिकच जाचक केले. अशा ठिकाणी वृत्तपत्र हे सभेला पर्याय होते. ब्रिटिश मुलखातील वाचक केसरीतील टीका वाचून संध्याकाळी सभेस जाऊ शकत होता, गांधीपक्षाचे उत्तर ऐकू शकत होता आणि स्वतः मत बनवू शकत होता. निजामी मुलखातील वाचकास दुसरी बाजू ऐकण्याचे स्थानच नव्हते. त्यामुळे उत्तरास जागा न देणारी टीका पुण्यात केवळ एकांगी ठरत असेल. येथे ती अंतिम ठरण्याचा संभव होता.

याहून महत्त्वाची गोष्ट टीकेच्या विषयाची होती. कायदेमंडळात जावे की न जावे, वकिलांनी वकिली सोडावी की न सोडावी, या वादांनी पुण्याचे स्तंभ भरलेले होते. ज्या प्रदेशात कायदेमंडळच नाही, तेथील वाचकास या वादातून काय मिळणार होते? उलट, त्याच्या दृष्टीने नव्या नेतृत्वाविषयीचा खरा प्रश्न निराळाच होता. नागपूरच्या नव्या घटनेने काँग्रेसच्या प्रांतिक समित्या भाषावार केल्या. परंतु संस्थानांच्या अंतर्गत कारभारात हात न घालण्याचे धोरण कायम ठेवले. संस्थानी प्रजाजन काँग्रेसचा सभासद होऊ शकत होता, पण आपल्या राज्यकर्त्याविरुद्ध तिच्या नावाने लढू शकत नव्हता. भाषेने महाराष्ट्रीय असलेला गोदातीरावरचा शेतकरी अशा रीतीने महाराष्ट्राच्या राजकीय चळवळीच्या कक्षेबाहेर ठेवला गेला. गांधीजींच्या धोरणावर करता येण्याजोगी ही एक अत्यंत न्याय्य टीका होती. संस्थानी प्रजेविषयी केळकरांना आस्था होती आणि केसरीस हा विषय परका नव्हता, हे खरे. परंतु नव्या नेत्याविरुद्धच्या वादाचा मुख्य भार त्या मुद्द्यावर कधी पडला नाही. अखिल भारतीय संस्थानी प्रजा परिषद मुंबईस भरण्यास १९२७ साल उजाडावे लागले. टीका न्याय्य होती काय, या प्रश्नाबरोबर ती योग्य ठिकाणी होती काय हाही प्रश्न विचारला पाहिजे, तो यामुळेच.

दुसऱ्या बाजूने पाहता, पुण्यास अव्यवहार्य वाटलेला कार्यक्रमाचा भाग निजामी मुलखात फलद्रूप झाला. १९२१ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ याच शाळेत होते आणि मराठवाड्यातील कार्यकर्त्यांची एक पिढी तेथून तयार झाली. ब्रिटिश मुलखात राष्ट्रीय शाळा ही चालत्या शाळांची प्रतिस्पर्धी होती. निजामी मुलखात मातृभाषेतून शिक्षण देणारी शाळा ही मुळातच असलेली उणीव भरून काढत होती. एकाच कार्यक्रमाचे मूल्य दोन प्रदेशांत असे भिन्न ठरले. पुण्याच्या अनुभवावरून केलेला सर्वसाधारण निर्णय त्या प्रमाणात अपुरा होता.

६

पुढील घटनांनी या विवेचनास पुष्टीच मिळते. १९३७ मध्ये, आज जालना जिल्ह्यात असलेल्या परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. त्याच वर्षी आ. कृ. वाघमारे यांनी मराठवाडा साप्ताहिक काढले आणि त्यास निजाम सरकारच्या बंदीस वारंवार तोंड द्यावे लागले. सप्टेंबर १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली. २४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला आणि २४ डिसेंबरला गांधीजींच्या सल्ल्याने तो स्थगित झाला. हा निर्णय अनेक तरुण कार्यकर्त्यांना रुचला नाही. १९२२ मधील बारडोलीच्या वेळचा असंतोष आणि हा असंतोष यांत बाह्य साम्य असले तरी भेद मोठा आहे. येथे असंतुष्ट कार्यकर्ते स्वतः कारागृहाच्या दारातून आलेले होते आणि त्यांच्यापुढे पर्यायी कार्यही होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करेपर्यंत ते त्यांनी चालू ठेवले. नेत्याशी मतभेद आणि नेत्याविषयी निष्ठा या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे मराठवाड्याच्या या पिढीने आचरणाने दाखविले.

आचार्य शं. द. जावडेकरांनी 'आधुनिक भारत' या १९३८ च्या ग्रंथात टिळक व गांधी यांच्या विचारांतील सातत्य दाखविण्याचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नाचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु त्याच्या प्रभावामुळे १९२० च्या मतभेदाची धार पुष्कळ अंशी बोथट झाली. सातत्य दाखविण्याच्या भरात केळकरांचे आक्षेप केवळ गैरसमज ठरविणे हेही इतिहासास धरून नाही. ते गैरसमज नव्हते. ती एक निराळी राजनीती होती, आणि तिचा काही भाग काँग्रेसने १९२३ मध्ये व पुन्हा १९३७ मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळे स्वीकारून आचरणात आणला.

या सर्वांवरून निष्पन्न होणारा निर्णय मिश्र आहे. मुदतीच्या वचनाविषयी व कायदेमंडळांविषयी केसरीची टीका सारतः न्याय्य होती आणि संस्थेचा निर्णय पाळून ती केली गेल्यामुळे तिचे नैतिक बळ वाढले. सशर्त वचनाची अट गाळण्यात, आणि पुढे जाण्याला व थांबण्याला सारखाच दोष देण्यात ती अन्याय्य झाली. दीनमित्र व मूकनायक यांसारख्या पत्रांनी विचारलेले प्रश्न आकाराने लहान वृत्तपत्रांत आले, परंतु काळाच्या कसोटीस ते अधिक उतरले. आणि गोदावरीकाठच्या प्रजेस ज्या टीकेची सर्वांत अधिक निकड होती, ती प्रमुख वृत्तपत्रांच्या वादात अग्रभागी आलीच नाही. नव्या नेत्यावरील टीका न्याय्य आहे की नाही हे ठरविताना नेता आणि संपादक या दोघांचाच विचार करण्याची रीत आहे. त्या दोघांपासून दूर असलेला, उत्तर देण्यास सभा नसलेला आणि तरीही निर्णयाचे परिणाम भोगणारा वाचक हा या खटल्यातील तिसरा पक्ष होय. त्याची साक्ष काढल्यावाचून दिलेला निकाल अपुराच राहील.